हौदाचं पाणी आणि ह्यांचे हिरवे केस

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक अजब प्रकार झाला. ह्यांचे पांढरेशुभ्र केस हिरवट दिसू लागले. आधी मला वाटलं, न्हाव्याने काहीतरी लावलं असेल. मग साबण बदलून पाहिला, शिकेकाई करून पाहिली, पण झाक काही जाईना. धाकट्या नातवाने तर जाहीरच करून टाकलं, "आज्जा, तुझ्या डोक्यावर शेवाळं उगवलंय!" घरभर हसू झालं, हेही हसले आणि विषय तिथंच राहिला.

पण त्याच पंधरवड्यात त्या नातवाचा कान फुटला. दोन रात्री पोर झोपलं नाही. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "पोहायला जातो का?" म्हटलं, हो, घरच्याच हौदात. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "पाण्यात काय टाकता?" हे ऐटीत म्हणाले, "मोरचूद आणि तुरटी. पाणी बघायला या एकदा, तळाला पडलेली सुई दिसते." डॉक्टर एवढंच म्हणाले, "सुई दिसते हो, जंतू दिसत नाहीत."

हिरवे केस आणि फुटलेला कान ही एकाच पाण्याची दोन टोकं होती, हे कळायला आम्हाला आणखी महिना लागला. आज आपल्या भागात कितीतरी मळ्यांवर, नव्या बंगल्यांवर असे पोहण्याचे हौद झालेत. म्हणून आमचा हौद मोरचुदावरून क्लोरीनवर कसा आणला आणि त्यात आमची चूक कुठे झाली, हे सांगावंसं वाटलं.

शेताचा हौद, पोरांचा हौद

आमचा हौद मुळात पोहण्याचा नव्हेच. जांभ्या दगडात बांधलेला, वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेचार फूट खोल असा तो शेताच्या पाण्याचा हौद. विहिरीचं पाणी त्यात चढवायचं आणि तिथून पाटाने सोडायचं. ठिबक आल्यावर तो रिकामा पडला. ह्यांनी मग आतून फरशी बसवली, पायऱ्या केल्या, आणि दर मे महिन्यात तो पोरांचा झाला. आमच्या पिढीने पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारल्या. नातवंडांना विहिरीत सोडायची छाती आज कुणाची आहे? हौदात निदान पाय टेकतात. आमची चार, शेजारच्या मळ्यावरची पाच-सहा, कुणाचे तरी पाहुणे, अशी दहा-बारा डोकी दिवसभर पाण्यात असायची.

मोरचूद घरात होतंच. द्राक्षवाले आणि सुपारीवाले चुन्यात कालवून त्याचं बोर्डो मिश्रण फवारतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कन्नडमध्ये त्याला मैलुतुत्त म्हणतात. दोन्ही नावांत मोर आहे, कारण रंगच मोराच्या मानेसारखा. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तो टाकला की हौदात शेवाळ धरत नाही. तुरटी टाकली की गढूळपणा तळाला बसतो. दोन्ही मिळून पाणी असं निवळशंख होतं, की ओंजळभर प्यावंसं वाटावं.

आमची सून धारवाडची. डॉक्टरांकडून आल्यावर संध्याकाळी ती ह्यांना म्हणाली, "मामा, नीरु तिळि ऐत्रि, आदर नमग इन्नू तिळिदिल्ल." कन्नड जाणणाऱ्यांना गंमत कळलीच असेल. तिळि म्हणजे निवळ, आणि तिळियोदु म्हणजे कळणं. पाणी निवळ आहे, पण आपल्याला अजून काही कळलेलं नाही! हे तीस वर्षं मोरचूद वापरत आलेले, त्यामुळे घरात दोन दिवस अबोला होता. पण बोलणं त्यांना लागलं आणि त्यांनी स्वतःच वाचायला घेतलं.

तांबं मारतं, पण सावकाश

ह्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. तांबं जंतू मारतं. आपल्या आज्या रात्री तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवत, ते उगीच नाही. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली छापलेल्या एका प्रयोगात जुलाबाचे जंतू घातलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात खोलीतल्या तापमानाला ठेवलं होतं. १६ तासांनी त्यात जिवंत जंतू सापडले नाहीत.

त्या १६ तासांतच सगळी गोम आहे. हंड्यातलं पाणी रात्रभर स्वस्थ असतं, त्यात कुणी उडी मारत नाही. हौदात दर मिनिटाला कुणाचा घाम, कुणाची शेंबडी, कुणाची लंगोटी पाण्यात मिसळत असते. एका पोराच्या अंगावरचं पाणी दुसऱ्याच्या तोंडात, कानात जायला अर्धं मिनिटही लागत नाही. तिथे उद्या सकाळी मरणारे जंतू काय कामाचे?

क्लोरीनचं बळ इथे आहे. लिटरला १ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन, पीएच ७.५ आणि पाणी २५ अंशांवर असेल, तर जुलाबाचा ई. कोलाय जंतू एका मिनिटाच्या आत मरतो. कावीळ करणाऱ्या हिपॅटायटिस ए विषाणूला साधारण १६ मिनिटं लागतात, जिआर्डियाला ४५ मिनिटं. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात १९०८ पासून कायमचं क्लोरीन घालायला सुरुवात झाली. आज आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यातही तोच असतो. क्लोरीनलाही न जुमानणारा एक परजीवी मात्र आहे. त्याचं नाव क्रिप्टोस्पोरिडियम, आणि तो त्याच पाण्यात दहा दिवस तग धरतो. म्हणून पोट बिघडलेल्या मुलाला पाण्यात सोडायचं नाही, हा नियम क्लोरीन असूनही सुटत नाही.

बाजारात तांब्या-चांदीच्या कांड्यांची यंत्रं मिळतात, "क्लोरीनची गरज नाही" अशी जाहिरात करून. त्यांचंही तत्त्व हेच, तांबं पाण्यात सोडायचं. शेवाळासाठी ती उपयोगी आहेत. पण ती क्लोरीनच्या जोडीला ठेवायची, क्लोरीनच्या जागी नाही.

घाबरवायचं म्हणून नव्हे, पण एक गोष्ट सांगायला हवी. २०२४ आणि २०२५ साली केरळात अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. हा अमीबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि पाणी नाकात गेलं तर मेंदूपर्यंत पोचतो. पाणी प्यायल्याने तो होत नाही. आजार फार क्वचित होतो, पण झाला तर बहुधा जीव घेतो. तिथल्या सरकारने २०२५ मध्ये विहिरी आणि टाक्यांना क्लोरीन घालण्याची मोहीमच काढली. मे महिन्यात आपल्या हौदांचं पाणीही कोमटच असतं.

आमची चूक

ह्यांनी एकदा ठरवलं की धीर धरवत नाही. सरळ ब्लीचिंग पावडरचं अर्धं पोतं हौदात रिकामं केलं. तासाभरात पाणी दुधाळ निळं झालं. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर आणि फरशीच्या सांध्यांत काळपट-हिरवे डाग उठले. कामवाली बाई म्हणाली, "वहिनी, हे तर तांब्याच्या घागरीवर चढतं तसलं दिसतंय." ती म्हणाली तेच खरं होतं!

तांब्याची घागर आपण चिंचेने का घासतो? तिच्यावरची पुटं आंबटात विरघळतात म्हणून. पाण्यातही तोच न्याय लागू पडतो. पाणी किंचित आंबटाकडे असलं की तांबं विरघळलेलं राहतं. चुन्याकडे झुकलं की ते बाहेर पडून भिंतीला धरतं. ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो, त्यामुळे पाण्याचा पीएच एकदम चढला. त्यात एकदम आलेला भरमसाट क्लोरीन, मग तांबं काळं पडून बसलं. चूक क्लोरीनची नव्हती. वर्षानुवर्षं साठलेलं तांबं आधी काढायला हवं होतं.

तांबं उडून जात नाही, उन्हाने नाही की रात्रीतून नाही. दर पंधरवड्याला मूठभर टाकलेलं मोरचूद त्याच पाण्यात साचत होतं. तपासणीच्या थेंबांनी मोजलं तेव्हा तांबं लिटरला दीड मिलिग्रॅमच्या आसपास निघालं. यंत्रवालेसुद्धा ते ०.२ ते ०.४ च्या दरम्यान ठेवायला सांगतात. ह्यांच्या केसांचं कोडंही तिथंच सुटलं. पोहणाऱ्यांचे केस क्लोरीनने हिरवे होतात असं लोक म्हणतात, पण रंग तांब्याचा असतो. नातवंडांच्या काळ्या केसांत तो दिसला नाही, आज्जाच्या पांढऱ्यात उठून दिसला.

पुन्हा, या वेळी क्रमाने

दुसऱ्या खेपेला सूनबाईंनी वहीत क्रम लिहून भिंतीला लावला.

पहिलं, मोरचूद बंद. घरातली उरलेली पुडी शेतीच्या खोलीत गेली.

दुसरं, पाणी बदलणं. अर्धं पाणी काढून ताजं भरलं की तांबं निम्म्यावर येतं, पुन्हा तसंच केलं की पाव. आम्ही दोन खेपांत दीडवरून ०.४ च्या खाली आलो. विहिरीला पाणी भरपूर असेल तर हौद पूर्ण रिकामा करून, घासून नव्याने भरणं सर्वांत सोपं. मात्र भर पावसाळ्यात, जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना, हौद रिकामा करू नका. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तळ उचलतो, भिंतीला चिरा पडतात. आणि मे महिन्यात एवढं पाणी वाया घालवणंही बरोबर नाही. दिवाळीनंतरचे दिवस या कामाला उत्तम.

काढलेलं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडायचं नाही. तांबं माशांना विषारी आहे. शेतीच्या पाण्यात ते लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असा दंडक आहे. आम्ही विहिरीपासून दूर, मोकळ्या पडीक रानात ते पसरून सोडलं. भाजीच्या वाफ्याला दिलं नाही.

तिसरं, पीएच. तो आधी ७.२ पर्यंत आणला आणि मगच क्लोरीनला हात लावला. त्यासाठी थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड बादलीभर पाण्यात मिसळून हौदात चहूकडे ओतलं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

चौथं, क्लोरीन हळूहळू. रोज संध्याकाळी थोडा, आठवडाभर. पाणी दोन दिवस गढूळ झालं, भिंतीवरची बुळबुळ सुटली, ती ब्रशने घासून काढली. या आठवड्यात पोरांना पाण्यात जायची बंदी होती. सगळ्यांत कठीण काम तेच!

पाचवं, रात्रीची परीक्षा. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजायचा, पहाटे ऊन यायच्या आत पुन्हा मोजायचा. रात्री ऊन नसतं, तेव्हा क्लोरीन घटला तर तो पाण्यातल्या घाणीशी लढण्यातच गेला. घट लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी झाली की हौद शुद्ध झाला समजायचं. आमचा नवव्या दिवशी पास झाला.

डागांसाठी पाणी खाली असताना सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व, ओल्या फडक्यावर घेऊन चोळलं. बरेच गेले. एका पायरीवरचा अजून आहे, तो राहू दे म्हटलं.

मोठ्या शहरांतून किंवा परदेशातून पाहून आलेले काही लोक बिग्वानाइड जातीचं, क्लोरीन नसलेलं औषध वापरतात. त्यांनी विशेष जपावं. त्या औषधाचं आणि क्लोरीनचं अजिबात जमत नाही. दोन्ही एकत्र आले की पाणी पिवळं-तपकिरी होतं, चिकट साका धरतो. जुनं औषध थांबवून ते उतरू द्यायचं, शक्य तेवढं पाणी बदलायचं, गाळणीतली वाळू बदलायची, आणि मग रात्रीची परीक्षा पास होईपर्यंत क्लोरीन देत राहायचं.

रोजचं गणित

आमच्या हौदात साधारण २५,००० लिटर पाणी मावतं. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायचा तर २५ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइटची पूड असेल तर सुमारे ४० ग्रॅम, ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर सुमारे ८५ ग्रॅम. ब्लीचिंग पावडर जुनी झाली, पोतं उघडं राहिलं, की तिचा जोर उतरतो, म्हणून मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नये. ती प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी तेवढं हौदात ओतावं.

मोकळा क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८, हे दोन आकडे पाठ करा. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग कामाचा असतो, ८ वर गेला की जेमतेम पाव. म्हणजे पीएच चढला तर पैसे पाण्यात, अगदी अक्षरशः!

उघड्या हौदात ऊन हा क्लोरीनचा वैरी. भर उन्हात दोन-तीन तासांत बराचसा उडून जातो. म्हणून संध्याकाळी घालायचा, आणि सायन्यूरिक ॲसिड हे स्थिर करणारं द्रव्य लिटरला ३० मिलिग्रॅम ठेवायचं, आमच्या हौदाला ते पाऊण किलो लागलं. ते असेल तर क्लोरीन निदान २ असू द्यावा. ट्रायक्लोरच्या वड्यांत हे द्रव्य आधीच असतं. ते साचत जातं आणि फार झालं की क्लोरीनचा हात बांधतं. म्हणून वड्यांवरच वर्षभर विसंबू नये.

हौदाला गाळणी नसेल तर क्लोरीन सगळीकडे नीट पोचत नाही. आम्ही वाळूची लहान गाळणी आणि तासाला ४,००० लिटर ओढणारा पंप बसवला. सहा-सव्वासहा तासांत हौदाएवढं पाणी गाळणीतून जातं. हा खर्च मोठा होता, पण तो टाळला असता तर बाकीचं सगळं फुकट गेलं असतं.

मोजायला क्लोरोस्कोप मिळतो. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा नळाचं पाणी तपासतो तोच, थेंब टाकला की पिवळं होणारा. गुलाबी रंगाचा डीपीडी प्रकार मोकळा क्लोरीन अधिक नेमका दाखवतो.

हे कधीही करू नका

क्लोरीनची पूड आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. दोन वेगळ्या जातींच्या क्लोरीनच्या पुडी एका डब्यात, एका चमच्याने वापरू नका, पेट घेऊ शकतात. पूड पाण्यात टाका, पुडीवर पाणी ओतू नका. खत, रॉकेल, तेल यांच्यापासून दूर, कोरड्या आणि कुलपाच्या जागी ठेवा. आमच्याकडे किल्ली सूनबाईंच्या कमरेला असते.

आणि वासाबद्दल. डोळे चुरचुरले, उग्र वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झाला. बहुतेक वेळा उलट असतं. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, तो त्यांचा वास. म्हणून आमच्या हौदाशेजारी आता नळ आणि दोन बादल्या आहेत. आधी शू, मग अंघोळ, मग उडी. ज्याचं पोट बिघडलंय त्याने काठावर बसून डबे सांभाळायचे. तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम निघाला तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाणी बंद.

हे सगळं आपल्याच पोरांपुरतं असतं तर कदाचित एवढी यातायात केली नसती. पण शेजारच्या मळ्यावरची माणसं पोरं आपल्या भरवशावर पाठवतात. त्यातल्या कुणाला काही झालं असतं तर "पाणी निवळ होतं हो" असं त्या आईला कुठल्या तोंडाने सांगितलं असतं?

यंदा नातवाचा कान ठीक आहे. ह्यांच्या डोक्यावरचे हिरवे केस न्हाव्याकडे कधीच गेले, नवे पांढरे आलेत. रोज संध्याकाळी हे काचेची नळी घेऊन हौदाच्या काठावर बसतात आणि आकडा वहीत लिहितात. पोरं ओल्या बादल्या घेऊन भोवती उभी असतात. "आज्जा, नीर छलो ऐतेनु?" म्हणून धाकटा विचारतो. हे नळी उजेडात धरतात, रंग ताडून पाहतात, आणि मगच मान हलवतात. नुसतं पाण्याकडे बघून उत्तर द्यायचं त्यांनी सोडलंय.